पडद्यावरची नदी

कळ दाबली, मखमली पडदा दोन्ही बाजूंना सरकला आणि मागे विटांची भिंत दिसली.

उद्या सकाळी वारसा समिती येणार होती, म्हणून आज दुपारी नगरपालिकेच्या नाट्यगृहात स्वागताची तालीम चालली होती. समितीच्या जागी पहिल्या रांगेत कारकून बसवले होते. पडदा सरकला की त्यांनी कौतुकाने माना डोलवायच्या, असं ठरलं होतं. ती मंडळी भिंतीकडे बघत इमानेइतबारे माना डोलवत राहिली.

"नदी कुठंय?" नगराध्यक्षांनी विचारलं.

नदी म्हणजे रंगवलेला पडदा. रंगमंचाच्या पूर्ण रुंदीचा, नाट्यगृहाइतकाच जुना, गावातल्याच एका पेंटरने हाताने रंगवलेला. खाली नदी, मधे पूल, वर संध्याकाळचं आभाळ. खरं बोलायचं तर गावाकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. चार पर्यटक फिरकायचे ते ही नदी बघायला. समितीने मान डोलवली असती तर नाट्यगृहाला वारशाचा दर्जा मिळाला असता, गळकं छप्पर नीट झालं असतं आणि गावाचं नाव नकाशावर आलं असतं. आता समितीला विटा दाखवायच्या होत्या.

विंगेतून संस्कृती विभागाचे प्रमुख पुढे आले. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे. गेली कित्येक वर्षं या माणसाने नदीचा ध्यास घेतला होता. पत्रकं त्यांनी लिहिली, समितीच्या मागे तेच लागले. त्यांनी उघड्या भिंतीकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, सगळी जबाबदारी माझी आहे."

जबाबदारीचं मागाहून बघू, आधी चौकशीबाईंना बोलवा, असं नगराध्यक्षांनी सांगितलं. पोलिसांकडे जाऊन समितीच्या तोंडावर बोभाटा करायची त्यांची तयारी नव्हती.

चौकशीबाईंचं खरं पद भलंमोठं होतं, पण ते उच्चारायला कुणाला वेळ नव्हता. नगरपालिकेचं काहीही हरवलं की त्यांनी शोधायचं. गटाराची झाकणं, बागेतले बाक, एकदा तर अख्खी घसरगुंडी. पन्नाशीची बाई, पायात सपाता, खांद्याला जड पिशवी. आवाज कधी चढवायच्या नाहीत. समोरचा बोलायचा थांबला तरी त्या तशाच बघत बसायच्या, आणि मग समोरच्याला राहवायचं नाही.

त्यांनी आधी दार पाहिलं. कुलूप शाबूत. मग रंगमंचावर चढल्या. पडदा ज्या लाकडी दांडीला नाड्यांनी बांधलेला असायचा ती दांडी वर जागच्या जागी होती. एकही नाडी तुटलेली नव्हती. दोर खुंटीला नीट वेढे देऊन बांधलेले होते.

"चोर बराच टापटिपीचा दिसतो," त्या म्हणाल्या.

मग त्यांना रंगमंचाखालचं तळघर बघायचं होतं. तिथे उतरायला फळ्यांमध्येच एक झडप होती. नाट्यगृहाची राखण करणाऱ्या मावशींनी कडी ओढली. झडप हलेना. दोन कारकून भिडले तरी हलेना, शेवटी पहार आणावी लागली. मावशी ओशाळल्या. आत्ताआत्तापर्यंत एका बोटाने उघडायची हो, चार-पाच दिवसांत काय झालंय कोण जाणे, असं पुटपुटल्या. खाली जळमटांशिवाय काही नव्हतं. चौकशीबाईंनी झडपेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता वर आल्या.

नगराध्यक्षांनी तेवढ्यात निकाल लावून टाकला होता. चावी मावशींकडे असते, राखण मावशींची. उद्या समिती यायच्या आत एक तर पडदा हवा, नाहीतर करणाऱ्याचं नाव. दोन्ही नसेल तर मावशींना निलंबित करायचं आणि त्यांची खोली रिकामी करून घ्यायची. निदान काही कारवाई केली एवढं तरी समितीला सांगता येईल. मावशींची नोकरी काही महिन्यांवर संपत आली होती. आत्ता ठपका बसला असता तर पेन्शनही लटकलं असतं. हे सगळं त्यांच्यादेखत बोललं गेलं. त्या हातातल्या फडक्याच्या घड्या घालत उभ्या होत्या.

मावशींची खोली नाट्यगृहाच्या पाठीला चिकटून होती. एक खाट, एक शेगडी, भिंतीवर खिळ्याला चाव्यांचा जुडगा. दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकत होती. चौकशीबाईंनी ती काढून हातात घेतली. दूध नासलं होतं.

"काल रात्री कुठे होतात मावशी?"

"इथेच. जाणार कुठे?"

"आणि सकाळी?"

"इथेच की."

चौकशीबाईंनी पिशवी शेगडीजवळ ठेवली. मावशींनी पिशवीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. थोड्या वेळाने त्यांचे डोळे भरून आले.

मग सगळं बाहेर आलं. बहिणीची मुलगी बाळंत व्हायला दवाखान्यात होती. पहिलीच खेप, आई नाही, नवरा परगावी. काल संध्याकाळी मावशी तिच्याकडे गेल्या आणि आज दुपारी, तालमीच्या जरा आधी, परत आल्या. आल्या त्या थेट खुर्च्या पुसायला लागल्या. मखमली पडद्यामागे बघायचं कुणाला सुचणार? पण आपण इथे असतो तर नदी गेली नसती, हे त्यांच्या मनातून जाईना. माझ्याच पायगुणाने झालं सगळं, असं त्या परत परत म्हणत होत्या.

"जाताना कुणाला विचारलंत?"

मावशी गप्प झाल्या. चौकशीबाई बघत बसल्या. पण या वेळी ती युक्ती चालली नाही.

"नाही विचारलं कुणाला," मावशी शेवटी म्हणाल्या, आणि उगाचच शेगडी पुसायला घेतली.

निघता निघता चौकशीबाईंनी, गेल्या काही दिवसांत वेगळं काही जाणवलं का, असं विचारलं. तसं काही नाही, मावशी म्हणाल्या, फक्त आत उंदीर मेला होता कुठेतरी. नाकाला पदर लावल्याशिवाय झाडताही येत नव्हतं. सगळीकडे शोधला, सापडला नाही. साहेबांना सांगितलं, ते माणूस पाठवतो म्हणाले, पण कुणी आलं नाही. आज मात्र वास गेला, तेवढं बरं झालं.

संस्कृती विभाग नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होता. भिंतीवर नदीचे फोटो, टेबलावर नदीची पत्रकं, कपाटावर नदीची चित्रं असलेले कप. साहेबांचा जेवणाचा डबा कोपऱ्यात तसाच बंद होता आणि दुपार टळून गेली होती.

दुसरी चावी कुठे असते, असं चौकशीबाईंनी विचारलं. साहेबांनी कपाट दाखवलं. कपाटाला कुलूप नव्हतं. कुणीही घेऊ शकतं, हा माझाच हलगर्जीपणा, असं तेच म्हणाले. उंदराचा माणूस का पाठवला नाही? विसरलो, तीही चूक माझीच. नाट्यगृहावर रात्रीचा पहारा का नाही? तेही मीच मागायला हवं होतं.

चौकशीबाईंनी इतक्या वर्षांत कितीतरी साहेब बघितले होते. घसरगुंडी गेली तेव्हा उद्यान विभागाने बांधकामाकडे बोट दाखवलं, बांधकामाने भांडारपालाकडे, आणि भांडारपाल घसरगुंडी आपल्याकडे नोंदलीच नव्हती म्हणून मोकळा झाला. जबाबदारी आली की ती शेजारच्या टेबलावर ढकलायची, हे या इमारतीत माणूस पहिल्या आठवड्यातच शिकतो. आणि इथे हा गृहस्थ न मागता ओंजळी भरभरून घेत होता. बाईंना ते काही रुचलं नाही.

"मावशींचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

साहेब खिडकीकडे गेले. निलंबन म्हणजे काही शिक्षा नव्हे, त्यांनी समजावलं. नुसतं कागदोपत्री. समिती गेली, धुरळा खाली बसला की आपण त्यांना परत घेऊ. पडदाही कुठेतरी सापडेल. खोलीचं मी बघतो, त्यांना रस्त्यावर येऊ देणार नाही. बोलताना ते दोनदा पाणी प्यायले. मग खुर्चीत बसून निलंबनाच्या आदेशावर सही केली. एवढीशी सही, पण पेन टेकवायला त्यांना फार वेळ लागला.

चौकशीबाईंनी तोवर टेबलावरचं पत्रक वाचलं. 'तैलरंगात साकारलेली अजरामर नदी', असं वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. का?"

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि आदेश पिशवीत टाकला.

तिसरा माणूस पेंटर. नदी रंगवणाऱ्याचा नातू. नाट्यगृहाच्या अगदी समोर त्याचं दुकान होतं. ब्रशचे दिवस संपल्यावर त्याने यंत्र घेतलं आणि आता तो वाढदिवसांचे, दुकानांच्या उद्घाटनांचे फ्लेक्स छापायचा. पडद्याखाली आजोबांचं नाव लिहा म्हणून त्याने नगरपालिकेचे उंबरे झिजवले होते. कुणी दाद देईना तेव्हा भर सभेत ओरडला होता, की एक दिवस नदी गुंडाळून घरी घेऊन जाईन. ते अख्ख्या गावाने ऐकलं होतं.

दुकानात भिंतीशी एक लांबलचक गुंडाळी उभी होती. चौकशीबाई तिच्याकडे बघायला लागल्या तसं पेंटरने ती स्वतःच आडवी केली आणि उलगडली. गेल्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स होता. ज्याने छापायला दिला तो न्यायला आलाच नव्हता.

"मी नेला नाही बाई," तो म्हणाला. "बोललो ते रागात. पण ते बोलणं आता मलाच खातंय. कुणीतरी ऐकून नेला असेल तर?"

चौकशीबाईंनी त्याला आजोबांबद्दल विचारलं. तो खुलला. आजोबा आठवडाभर परसात चूल मांडून बसायचे. आजीने त्यांना घरात ते करायला बंदी घातली होती, शेजारीपाजारीही नाकं मुरडायचे. मोठ्या पातेल्यात जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस शिजवायचा, त्यात खडूची भुकटी आणि रंगाच्या पुड्या कालवायच्या, आणि गरम असतानाच कापडावर ओढायचं. सगळे नाटकवाले तसंच करायचे.

"पत्रकात तर तैलरंग म्हटलंय."

पेंटरचा चेहरा उतरला. हातातली चिंधी त्याने उगाचच पिळली. ते चुकीचं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेबांनी लिहिताना त्याला विचारलंही होतं. पण तैलरंग म्हटलं की मोठ्या चित्रकाराचं काम वाटतं, आणि सरस म्हटलं की सुतारकाम. आजोबांना तेवढा तरी मान मिळतोय तर मिळू दे, म्हणून तो हो म्हणाला होता. यात कुणाचं काय जातंय, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

बाहेर वारा सुटला होता. समितीच्या स्वागताचे फ्लेक्स रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फडफडत होते. पेंटरने मान बाहेर काढली आणि नाट्यगृहाकडे बघून सुस्कारा सोडला. दर्शनी भिंतीसमोर बांबूचा सांगाडा होता आणि त्यावर आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच चढवलेला सगळ्यात मोठा फ्लेक्स. 'वारसा समितीचे हार्दिक स्वागत', आणि नगराध्यक्षांचा हसरा चेहरा. घाईघाईत त्याला वारा जायला छेद मारायचे राहून गेले होते. सकाळपासून पेंटरचा जीव टांगणीला लागला होता, की वाऱ्याने शीड भरावं तसा फुगणार आणि मॅडमच्या गालातून फाटणार. पण पठ्ठ्या हललासुद्धा नव्हता.

चौकशीबाईंनी तो बराच वेळ बघितला.

ऊन कलल्यावर त्यांनी मावशींना आदेश दिला. याआधी कितीदा तरी त्यांनी याच खोलीत बसून मावशींच्या हातचा चहा घेतला होता. आज मावशी चहा ठेवायला उठल्या तेव्हा बाई नको म्हणाल्या, आणि नको म्हटल्याचंही त्यांना वाईट वाटलं. मावशींनी कागद लांब धरून वाचला. सही साहेबांचीच का, एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर मान हलवली.

"मग ठीक आहे. त्यांचाही नाइलाज असेल," त्या म्हणाल्या. खिळ्यावरचा चाव्यांचा जुडगा काढून त्यांनी बाईंच्या हातात ठेवला, आणि सामान सकाळी हलवलं तर चालेल ना, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीबाईंनी चौघांना नाट्यगृहासमोर फुटपाथवर बोलावलं. नगराध्यक्षा गाडीतून उतरल्या त्या घड्याळ बघतच. साहेब चालत आले. दाढी केली नव्हती. पेंटर दुकानाची पायरी उतरून आला. मावशी आपल्या ट्रंकेपाशी उभ्या होत्या.

पडदा सापडला का, नगराध्यक्षांनी विचारलं. सापडला, बाई म्हणाल्या, पण आधी तो का गेला ते सांगते.

"चोरीची वस्तू चोर पळवून नेतो. तो दोर परत खुंटीला बांधत बसत नाही. म्हणजे नेणाऱ्याला आतलं सगळं जागच्या जागी असावं असं वाटत होतं. तो घरचाच माणूस. मग मी विचार केला, घरचा माणूस पडदा लपवेल कशासाठी? विकायला नाही, तो विकत घेणार कोण? लपवेल ते कुणी बघू नये म्हणून. आता, पडद्यात न बघण्यासारखं काय होतं?"

बाईंनी नाट्यगृहाच्या दाराकडे बोट केलं.

"झडप. एका बोटाने उघडणारी झडप अचानक घट्ट बसली. लाकूड फुगलंय. पाऊस नाही, छप्पर गळायचा हंगाम नाही. म्हणजे रंगमंचावर वरून कुणीतरी भरपूर पाणी सांडलं होतं. पडद्याच्या बरोबर खाली." त्या पेंटरकडे वळल्या. "सरस भिजला आणि बंद खोलीत ओलाच राहिला तर काय होतं?"

"कुजतो," पेंटर म्हणाला. "मेलेल्या उंदरासारखा वास सुटतो." आणि बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं. तो मटकन पायरीवर बसला.

उंदीर मेलेलाच नव्हता, बाई पुढे म्हणाल्या. वास पडद्याचा होता. पडदा गेला, त्याच दिवशी वासही गेला. समिती येणार म्हणून कुणीतरी पडदा धुवायला काढला. आपली नगरपालिका पाहुणे यायचे म्हटलं की काय करते? पुतळे धुते, फुटपाथ धुते, झाडांना गेरू फासते. तशीच नदी धुतली. आता जो माणूस आजोबांचं काम ओळखतो तो पाण्याचा थेंब लावणार नाही. मावशी इतकी वर्षं नुसत्या पिसांच्या झाडणीने झटकतात. ओला बोळा फिरवायचं धाडस कोण करील? ज्याची खात्री आहे की हा तैलरंग आहे. तेलावर पाणी फिरवलं तर काही होत नाही.

नगराध्यक्षांनी हळूच साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही लिहिलेलं पत्रक गावात एकाच माणसाने मनापासून खरं मानलं," चौकशीबाई म्हणाल्या. "तुम्ही."

बाईंनी आवाज चढवला नाही. भिजलेलं कापड कुठे ठेवायचं, हा पुढचा प्रश्न, त्या म्हणाल्या. घडी घातली तर चिकटेल, पेटीत ठेवलं तर सडेल. ते टांगायला हवं, वारा लागायला हवा, ऊन लागता कामा नये आणि कुणाच्या दृष्टीला पडता कामा नये. एवढ्या मोठ्या कापडाला गावात अशी एकच जागा आहे. सबंध रस्त्यावरचे फ्लेक्स फडफडतात आणि सगळ्यात मोठा, ज्याला छेदसुद्धा नाहीत, तो भिंतीसारखा उभा आहे. कारण त्याच्या मागे वजन आहे.

पेंटर उठला आणि सांगाड्यावर चढला. वरच्या दोऱ्या सुटल्या, नगराध्यक्षांचं हसू खाली घरंगळलं आणि मागचं मळकट कापड उघडं पडलं. त्याने एक कड धरून ते उलटवलं. वरचं आभाळ होतं तसंच होतं. पूलही होता. खाली नदीच्या जागी निळसर, मातकट ओघळ उतरले होते, आणि काठावरची घरं त्यात विरघळून गेली होती.

नगराध्यक्षा फुटपाथच्या कडेवर बसल्या. पेंटर वरूनच रडायला लागला. तेव्हाच सांगायला हवं होतं, मीच हो म्हणालो, असं काहीतरी तो बोलत होता.

साहेबांनी कबूल केलं. नदी स्वच्छ दिसावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. दार आतून लावून, साबणाच्या पाण्यात बोळा बुडवून त्यांनी खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मळ निघतोय असं वाटून ते खूष झाले आणि जास्तच पाणी मारत गेले. तो मळ नव्हता, नदीच होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी पडदा दोरांनी वर अंधारात ओढून ठेवला. चोरी झाली तर लोक गावाची कीव करतील, पण संस्कृती विभागाच्या प्रमुखानेच वारसा धुऊन टाकला म्हटल्यावर हसतील, आणि समिती गावाला पुन्हा दाराशी उभं करणार नाही. वास वाढायला लागला तसा त्यांचा धीर सुटला. फ्लेक्स चढवायला परगावची माणसं आली होती. त्यांना हे जुनं अस्तर आहे, आधी हे बांधा, म्हणून सांगितलं. पुढे कधीतरी पडदा एखाद्या गोदामात सापडला असता आणि खराबी चोरांच्या माथी गेली असती.

"आणि मावशी?" बाईंनी विचारलं.

"त्यांना परत घेणार होतो. खरंच घेणार होतो."

नगराध्यक्षा आता उठल्या होत्या. समितीला काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी सुचेल ते पकडलं. चोरी नाही तर चोरीचा ठपकाही नाही, त्या म्हणाल्या. पण राखणदार रात्रभर जागेवर नव्हती, हे तर खरं ना? विनापरवानगी गैरहजेरी हा वेगळा गुन्हा आहे, आदेश त्यावरही टिकतो.

चौकशीबाई मावशींकडे वळल्या.

"मावशी, परत विचारते. रजा कुणी दिली होती?"

मावशींनी साहेबांकडे पाहिलं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मीच न सांगता गेले."

साहेब खाली बघत होते. रस्त्यावरचे फ्लेक्स फडफडत होते. आता गप्प राहिलं तर हे तरी निभावेल, असं क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मग ते त्यांच्याच्याने झालं नाही.

"मी दिली," ते म्हणाले. "तोंडी. मीच त्यांना जा म्हणालो. पडदा काढताना त्या इथे नको होत्या म्हणून."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. काल दुपारपासून त्यांनी तोंड शिवून ठेवलं होतं, कारण तोंडी रजा दिली म्हणून साहेबांवर बालंट आलं असतं. आता त्यांना एकेक गोष्ट उमगत होती, आणि ते उमगणं बघवत नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, पहिलटकरीण आहे, एकटी आहे, जा मावशी, नाट्यगृहाचं मी बघतो," त्या म्हणाल्या. "मी रस्ताभर तुम्हाला दुवा देत गेले."

साहेबांनी हात जोडले. मावशींनी तिकडे पाहिलं नाही. चौकशीबाईंनी पिशवीतून जुडगा काढून त्यांच्यापुढे धरला. आदेश आता उरला नव्हता, नगराध्यक्षांनीही मानेनेच हो म्हटलं. मावशींनी चाव्या घेतल्या, ट्रंकेची कडी धरली आणि खोलीकडे निघाल्या. जरा पुढे जाऊन थांबल्या.

"मुलगी झाली तिला," त्या म्हणाल्या. "कालपासून तुम्ही कुणी विचारलंसुद्धा नाहीत."

चौकशीबाईंनीही विचारलं नव्हतं. कोपऱ्यावर समितीची गाडी वळली तेव्हा ट्रंकेचं दुसरं टोक धरून त्या मावशींबरोबर आत चालल्या होत्या, आणि साहेब पडद्याखाली एकटेच उभे होते.